दासगावचा धक्का, चवदारच्या पायऱ्या आणि आपण

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे पूर्ण होतील, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनालाही. रायगड किनाऱ्यावरच्या आमच्या वस्त्यावस्त्यांतून आतापासून बैठका सुरू आहेत. अशाच एका बैठकीत आम्ही पत्रकाचा मजकूर ठरवत होतो. कॉलेजात शिकणाऱ्या एका कार्यकर्त्याने लिहिले, ‘दासगाव घाट ते महाड पायी अभिवादन यात्रा.’ मजकूर वाचून होताच कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध बौद्ध उपासक म्हणाले, ‘अरे पोरा, घाट कसला लिवतोस? धक्का लिही. बाबासाहेब धक्क्यावर उतरले. घाट भटाचा.’

पोरगा म्हणाला, ‘आबा, एकच की. पाण्याकाठी बांधलेला दगडी चौथरा. घाट म्हणा नाहीतर धक्का म्हणा.’

बैठकीत हशा पिकला आणि विषय वर्गणीवर गेला. पण आमच्या डोक्यातून तो वाद गेला नाही. आबा म्हणत होते तसे ते खरोखर दोन वेगळे शब्द आहेत का? असतील तर फरक कशाचा, बांधकामाचा की समाजाचा? आणि चळवळीने त्यात वेळ का घालवावा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आमचेच काही मित्र म्हणतील, ‘पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही शब्दांचा कीस काढत बसलात.’ मित्रांनो, १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला आणि सभात्याग केला. तेव्हाही आपल्या लोकांपुढे पोटाचे प्रश्न होतेच, आजच्यापेक्षा भीषण होते. तरीही बाबासाहेबांनी शब्द सोडला नाही, कारण शब्दातून माणसाची जागा ठरते. पाण्याकाठच्या जागेचा प्रश्न तर आपल्या चळवळीचा पहिला प्रश्न आहे.

घाट म्हणजे काय?

‘घाट’ हा शब्द संस्कृत ‘घट्ट’वरून आला. मराठीत त्याचे अर्थ अनेक. नदीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात उतरायला बांधलेल्या पायऱ्या म्हणजे घाट. डोंगर उतरून कोकणात येण्याची वाटही घाटच: वरंधा, ताम्हिणी, बोरघाट. वस्तूचा आकार म्हणजेही घाट, त्यावरून घाटदार. आणि वर्तमानपत्रवाल्यांचा आवडता अर्थ म्हणजे कारस्थान: अमुक जमीन लाटण्याचा घाट, तमुक शाळा बंद करण्याचा घाट. त्यातच मुंबईत देशावरच्या कष्टकऱ्याला हिणवायला ‘घाटी’ म्हणतात. डोंगर उतरून पोट भरायला आलेल्या माणसाची त्याच्या वाटेवरून टर उडवायची, हा आपल्या समाजाचा स्वभाव आहे.

पण आपला विषय पाण्याचा घाट. नाशिक, पैठण, वाई, पंढरपूर, कुठेही जा. तिथे घाट म्हणजे स्नान, संध्या, पिंडदान, अस्थिविसर्जन. बांधणाऱ्याच्या नावाची पाटी, देऊळ, पिंडाचा पार आणि दक्षिणा. अंग धुणे ही साधी गोष्ट घाटावर येताच ‘पवित्र’ होते, आणि पवित्र झाली की लगेच अपवित्र कोण हे ठरवावे लागते. आबा ‘घाट भटाचा’ म्हणाले ते याच अर्थाने. त्यांनी समाजशास्त्र वाचलेले नाही. आम्ही एम.ए. करताना शुद्धी-अशुद्धीच्या सिद्धांतावर पानेच्या पाने लिहिली, आबांनी तेच दोन शब्दांत सांगितले.

घाटावरच्या या पावित्र्याला पहिला सवाल कोणी केला? थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची कथा आहे. ती श्रावस्तीतली दासी. कडाक्याच्या थंडीत मालकिणीच्या धाकाने पाणी भरायला नदीवर जाई. तिथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना तिला दिसतो. ती विचारते, तू कोणाला भिऊन या गार पाण्यात उतरतोस? तो म्हणतो, स्नानाने पाप धुऊन जाते. त्यावर पुण्णिका जे म्हणते त्याचा आशय असा: तसे असेल तर बेडूक, कासवे, मगरी आणि पाण्यातले सगळे जीव स्वर्गात जातील, आणि या नद्या पाप वाहून नेत असतील तर पुण्यही वाहून नेतील. पाणी भरणाऱ्या दासीने घाटावर उभे राहून अडीच हजार वर्षांपूर्वी ब्राह्मणाला निरुत्तर केले, आणि आपल्या मुलींना तिचे नावसुद्धा माहीत नाही. शताब्दीच्या फलकांवर पुढाऱ्यांचे डझनभर फोटो लागतील. एक कोपरा पुण्णिकेला द्यायला काय हरकत आहे?

वरचा आणि खालचा

कोकणातल्या गावात दगडी घाट क्वचितच होता. असायचा तो पाणवठा. ओढ्याला किंवा नदीला चार दगड लावून केलेली जागा. त्या पाणवठ्याचा क्रम सांगायला कोणी इतिहासकार लागत नाही, आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. पाणी जिकडून येते त्या वरच्या अंगाला गावचा पाणवठा. त्याच्या खाली इतरांचा. अगदी खाली, जिथे गुरे धुतात त्याच्याही पलीकडे, आपला. जातीची उतरंड कुठे पाहायची असेल तर ग्रंथ उघडायला नको, पाण्याच्या प्रवाहाबरोबर चालत गेले तरी पुरे.

यातली गोम लक्षात घ्या. पाणी वरून खाली वाहते, म्हणून वरच्याची घाण खालच्याकडे येते. खालच्याची घाण वरच्याकडे जाऊच शकत नाही. तरी विटाळ मात्र खालच्याचा वरच्याला होतो! निसर्गाचा नियम उलटा फिरवणाऱ्या या शास्त्राला आव्हान देणारे गोपाळ बाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून निवृत्त झालेल्या या माणसाने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. महाडचा सत्याग्रह १९२७ साली आभाळातून पडला नाही. या किनाऱ्याची जमीन त्याच्या आधी ४० वर्षे नांगरली जात होती.

चवदारच्या पायऱ्यांवर काय ठरले?

आता तळ्याकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा पुढाकार होता. कागदावर तळे खुले झाले. पायऱ्या मात्र होत्या तशाच राहिल्या. तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे उतरता आले नाही.

म्हणून १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून ती उभी केली. २० मार्चला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले. पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या, आणि मग सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. तळ्यात गुरे उतरत होती, धुणी होत होती, तेव्हा शुद्धी करावीशी वाटली नव्हती. पुण्णिकेला हे ऐकून हसू आले असते.

आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते त्यापुढच्या भांडणाकडे, कारण आपली भाषणे इथवर येऊन थांबतात. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये काही सवर्णांनी दावा लावून सत्याग्रहाविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्यांचे म्हणणे काय होते? एक, तळे सार्वजनिक नाही, ते भोवतालच्या घरमालकांचे आहे. दोन, अस्पृश्यांना मनाई करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. म्हणजे एकदा मालकी सांगायची, ती टिकली नाही तर रूढी सांगायची. दहा वर्षे हा खटला चालला. खालच्या न्यायालयाचा निकाल १९३१ साली आपल्या बाजूने लागला, आणि अपिलानंतर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही सनातन्यांचे म्हणणे फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा तो निकाल.

म्हणजे ओंजळभर पाणी प्यायला एक दिवस लागला आणि त्या जागेवरचा हक्क सिद्ध व्हायला दहा वर्षे. सत्याग्रह आणि खटला, दोन्ही मिळून महाड आहे. आपण पहिल्याची जयंती करतो आणि दुसऱ्याचे कागद वाचत नाही.

या सगळ्याचे सार घटनेत उतरले आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही, असे म्हटले आहे. ‘स्नानघाट’ हा शब्द भारताच्या संविधानात आहे! १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जी भर पडली तिच्यातही आहे. आबांची माफी मागून आम्ही म्हणू की घाट आता फक्त भटाचा राहिलेला नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या मसुद्यातून घडलेल्या घटनेने तो शब्द घेतला आणि त्याचा सातबारा सगळ्यांच्या नावे केला.

आणि धक्का?

आता आबांच्या शब्दाकडे. मराठीत धक्का म्हणजे ढकलणे, आदळणे. धक्काबुक्की, धक्के खाणे, बातमीचा धक्का बसणे. आणि धक्का म्हणजे होड्या, मचवे, आगबोटी लागण्यासाठी पाण्याकाठी बांधलेला ओटा. बंदर ही सगळी जागा, धक्का म्हणजे त्यातली माणसाने पाय ठेवायची कड. मुंबईचा भाऊचा धक्का सगळ्यांना माहीत. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला म्हणून हे नाव. सरकारी कागदात काहीही लिहिलेले असो, लोकांनी ठेवलेले नाव टिकले.

घाटावर जायचे ते पाण्यात उतरून परत त्याच पायरीने वर यायला. धक्क्यावर जायचे ते गाव सोडून जायला, नाहीतर गावात परत यायला. धक्क्यावर सोवळे पाळून चालत नाही. ओहोटी लागायच्या आत बोट सुटली पाहिजे, एकाच फळीवरून सगळ्यांनी चढले पाहिजे, दाटीवाटीत एकमेकांना लागून उभे राहिले पाहिजे. ‘धर्माला धक्का लागला’ असे सनातनी ओरडतात ना? बोटीच्या धक्क्यावर तो रोजच लागत असे. रेवस, धरमतर, मुरूड, श्रीवर्धन, दासगाव इथून आपल्या आजोबा-पणजोबांनी मुंबई गाठली. गोदीत, गिरणीत, पलटणीत, रेल्वेत शिरले. गावच्या पाणवठ्यावर ज्याला खालची जागा होती तो मुंबईच्या नळावर रांगेत उभा राहिला. तिथेही जात होती, चाळी वेगळ्या होत्या, गिरणीच्या विणखात्यात आपल्याला मज्जाव होता, हे विसरू नये. पण गावात रांगच नव्हती. रांग ही केवढी मोठी गोष्ट आहे हे ज्याला कधी रांगेत उभेच राहू दिले नाही त्यालाच कळते.

मराठीत मुरलेल्या माणसाला ‘बारा बंदरांचे पाणी प्यायलेला’ म्हणतात. एकाच पाणवठ्याला जखडलेली पिढी बारा बंदरांचे पाणी पिऊन परत आली, तेव्हा महाड घडले.

२४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे २०० जणांसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. मोटारवाले बहिष्कार घालतील म्हणून पाण्याचा मार्ग धरला, असे चरित्रकार सांगतात. रस्त्याच्या मालकांनी दार लावले तर समुद्राने जाऊ, हा तो निर्णय. बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीत शिरून २५ तारखेला दुपारी ते दासगावला पोचले. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तिथेच पोलीस अधिकाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र दिले आणि बाबासाहेब त्यांच्या भेटीसाठी पुढे महाडला गेले. बाकीचे सत्याग्रही पाच मैल घोषणा देत पायी चालले. महाडात सभेला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली.

आता सांगा, तळ्यावर स्मारक आहे, क्रांतिस्तंभ आहे, तिथे लाखो लोक येतात. पण ज्या काठावर हे सगळे उतरले त्या दासगावला किती जण थांबतात? मुंबई-गोवा महामार्गावरून आपल्या गाड्या झेंडे लावून भरधाव निघून जातात. त्या बंदराची जागा आपल्या मुलांना ओळखता येत नाही म्हणूनच पत्रकात ‘घाट’ येतो. चूक त्या पोराची नाही. त्याने आजूबाजूला जे पाहिले तेच लिहिले. हल्ली कोणतेही तळे सुशोभित करायचे म्हणजे घाट बांधायचा, दिवे लावायचे, आरती सुरू करायची, हाच साचा झाला आहे. शताब्दीच्या नावाखाली उद्या दासगावलाही असाच घाट झाला आणि फलकावर ‘पावन भूमी’, ‘तीर्थक्षेत्र’ असे लिहिले गेले, तर टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेच लोक पुढे असतील. ज्या माणसाने तीर्थाची दुकानदारी मोडली त्याच्या पाऊलखुणांचे तीर्थ करणे, याला आम्ही अभिवादन म्हणत नाही.

दासगावला धक्काच म्हणावे, या मुद्द्यावर आम्ही आबांच्या बाजूचे आहोत. तिथे कोणी पवित्र व्हायला उतरले नव्हते. हक्क मागायला उतरले होते.

पण धक्काही निर्दोष नाही

इथेच लेख संपवला असता तर सगळ्यांना बरे वाटले असते. घाट त्यांचा, धक्का आपला, जय भीम. पण एवढे सोपे नाही.

पहिली गोष्ट, धक्क्यावर तिकीट लागते. जातीने अडवले नाही तरी पैसा अडवतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेले कष्टकरी होते त्यात. गरिबाच्या प्रवासाची किंमत किती, हे त्या दिवशी दिसले. आज याच किनाऱ्यावर २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारगाड्या नेणारी रो-रो सेवा आहे. चांगली गोष्ट आहे, आम्ही विकासाच्या विरोधात नाही. पण सरकारी पैशातून बांधलेल्या जेट्टीवर मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या कोळीणबाईला बसायला सावली आहे का? स्थानिक पोरांना तिथे हमाली आणि पार्किंगची शिट्टी यापलीकडे काम आहे का? जेट्टीचा ठेका कोणाला, दर कोण ठरवतो, हे ग्रामसभेला माहीत आहे का? बोले ठरावाचे सूत्र होते की जे सार्वजनिक पैशातून उभे राहिले ते सर्वांचे. ते सूत्र तळ्यापुरते मर्यादित नव्हते. आपण मात्र त्याला तळ्यात बुडवून ठेवले.

दुसरी गोष्ट सांगताना हात जड होतो, पण सांगणार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका गावात पाण्याच्या कामासाठी गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण अशी गावे एकापेक्षा जास्त आहेत. तिथे ओढ्याला आपल्या बौद्धवाडीजवळ सरकारी निधीतून कपडे धुण्याचा घाट झाला होता. पाच-सहा पायऱ्या, धुण्याचे दगड, वर पत्रा. बायाबापड्या खूश होत्या. पलीकडे डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी. वीटभट्टीवरून परतलेल्या दोन कातकरी बाया पोरांचे कपडे घेऊन आल्या, आणि आपल्यातल्याच एका ताईने त्यांना हात करून सांगितले, ‘इकडं नको, तिकडं खाली धुवा.’

त्या बाया काही बोलल्या नाहीत. खाली गेल्या. त्यांचा चेहरा आम्हाला ओळखीचा वाटला. तो आपल्या आजीचा चेहरा होता.

आम्ही त्या ताईंशी बोललो. त्या म्हणाल्या, ‘अहो, जातीचं काही नाही, त्या स्वच्छता ठेवत नाहीत.’ हे वाक्य कुठे ऐकले आहे? महाडच्या सनातन्यांचे वाक्य याहून फार वेगळे नव्हते. मालकी टिकत नाही तिथे रूढी सांगायची, रूढी टिकत नाही तिथे स्वच्छता सांगायची. त्या ताईंच्या घरात बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो आहेत, दर पौर्णिमेला वंदना होते, २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. त्या वाईट बाई नाहीत. आम्ही त्यांच्याकडे चहा प्यायलो, जेवलो. म्हणूनच ही गोष्ट गंभीर आहे. प्रवाहात आपण एक पाऊल वर सरकलो, आणि वरच्याची भाषा लगेच तोंडात आली.

बाबासाहेबांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हटले ते हेच. प्रत्येकाला खाली कोणीतरी दिलेले असते, म्हणून कोणी सगळी उतरंड मोडायला उठत नाही. संविधानातला स्नानघाट त्या कातकरी बाईचाही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही तिचे नाव अनुसूचित जमाती म्हणून आपल्या शेजारीच आहे. तिला खाली पाठवून आपण चवदारच्या पायऱ्यांवर फुले वाहणार असू, तर ती फुले कोणाला?

काही कार्यकर्ते म्हणतील, घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? शत्रूला आयते कोलीत मिळेल. आमचे उत्तर एवढेच की मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी फक्त सनातन्यांना सुनावले नाही. मेलेली ढोरे ओढणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे आपल्या लोकांनाही सुनावले. आधी आपली झाडाझडती घेण्याची परंपरा आपल्याला त्याच मांडवातून मिळाली आहे.

मग करायचे काय?

घोषणा पुष्कळ झाल्या, म्हणून कामापुरते चार मुद्दे मांडतो.

एक. पत्रकात, फलकावर, भाषणात ‘दासगाव बंदर’, ‘दासगाव धक्का’ असेच लिहा. यंदा २५ डिसेंबरला थेट महाडला न जाता आधी दासगावला उतरा आणि ते पाच मैल चाला. शासनाकडे मागणी करायचीच असेल तर आरतीच्या घाटाची नको. १९२७ चा जलमार्ग दाखवणारा नकाशा, बोले ठराव, नगरपालिकेचे ठराव आणि १९३७ चा निकाल लोकांना मराठीत वाचता येईल अशा जागेची मागणी करा.

दोन. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जुन्या पाणवठ्यांचा क्रम लिहून घ्या. कोणाचा वर, कोणाचा खाली, कधी मोडला, कोणी मोडला. ही पिढी गेली की पुरावा गेला.

तीन. आपल्या पंचक्रोशीतला प्रत्येक घाट, धक्का, जेट्टी, मासळीचा ओटा, स्मशानशेड कोणाच्या निधीतून झाली, ताबा कोणाकडे आहे, कोण वापरतो आणि कोणाला अडवले जाते, याची नोंद करा. माहिती अधिकाराचा एक अर्ज दहा भाषणांचे काम करतो.

चार. तुमच्या वाडीच्या घाटावर कातकरी, ठाकर किंवा परगावचा मजूर येतो का, हे स्वतः जाऊन बघा. येत नसेल तर का, ते विचारा. हे काम शताब्दीच्या स्वागत समितीच्या आधी करा.

त्या गावात पुढे काय झाले, तेही सांगतो, नाहीतर आम्ही लेख लिहून मोकळे झालो असे वाटेल. महिला मंडळाच्या बैठकीत आम्ही पुण्णिकेची गोष्ट सांगितली, उपदेश केला नाही. एक आजी म्हणाल्या, ‘आमाला पन खालीच धुवायला लावायचे.’ बराच वेळ कोणी बोलले नाही. मग धुण्याचे दगड कोणी कधी वापरायचे याचे वेळापत्रक करायचे ठरले, त्यात वाडीच्या बायांनाही बोलवायचे ठरले. पहिल्या बैठकीला त्या आल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीला एक जण आली आणि दारातच उभी राहिली. तिला आत बसवायला वेळ लागेल. आपल्यालाही वेळ लागलाच होता.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तो पैलतीराला जाण्यासाठी आहे, डोक्यावर मिरवण्यासाठी नाही. घाट असो वा धक्का, त्यालाही हाच नियम लावा. जिथून सगळ्यांना पाण्यापर्यंत पोचता येते आणि पलीकडे जाता येते ती जागा आपली. जिथे कोणाला तरी ‘खाली जा’ म्हटले जाते ती जागा, बांधणारा कोणीही असो, अजून १९२७ च्या आधीची आहे.

पत्रक छापायला गेले आहे. पोराने स्वतःच्या हाताने ‘घाट’ खोडून ‘धक्का’ केले. आबांना पहिली प्रत द्यायची आहे.

जय भीम!